आठ घरं, एक नकाशा

बाबा ट्रेसिंग पेपर खिडकीच्या काचेला लावत आणि मी सेलोटेपचे तुकडे तोडून देत असे. ऑफिसात बाबांकडे खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल होतं. घरी, आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, रविवारी तेच काम बाहेरच्या खोलीची खिडकी करायची. एका कागदावर माझे चौदा ठिपके, त्यावर दुसरा कागद, त्यावर आणखी चौदा. बाबा वरचा कागद पाव वळण फिरवत, पुन्हा फिरवत, मग पालथा घालत. ठिपक्यांवर ठिपके तंतोतंत बसले की म्हणत, "हाही तोच. काट मार."

मी काट मारायचे.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होते. विदर्भातून नोकरीसाठी दिल्लीत आले, लग्न करून आईला घेऊन आले, मला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं आणि मग इथलेच झाले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी विद्यापीठात गणितात एम.फिल. करत होते. माझ्याबरोबरची निम्मी मुलं कॉम्प्युटरचे क्लास लावून नव्या, एसी ऑफिसांची स्वप्नं बघत होती, आणि मी ठिपके मोजत होते. नागपूरचे काका दर पत्रात विचारायचे, ठिपके मोजून नोकरी लागते का? मला राग यायचा. तेव्हा मला कशाचाही राग यायचा.

प्रश्न सांगायला सोपा होता, म्हणूनच मला तो आवडला होता. सात उभ्या रेघा, सात आडव्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात अशा एकोणपन्नास जागा. त्यांतल्या चौदा जागांवर ठिपके द्यायचे, पण असे की कुठलेही तीन ठिपके एका सरळ रेषेत येता कामा नयेत. आडव्या नाही, उभ्या नाही, कसल्याही तिरप्या रेषेत नाही. एका ओळीत दोनच मावतात, म्हणून सात ओळींत चौदा ही हद्द. अशा मांडण्या किती? विभागातला कॉम्प्युटर मला आठवड्यातून दोन तास मिळायचा. तीन महिने झटापट केल्यावर त्याने उत्तर दिलं: एकशे बत्तीस.

"आता त्यांतल्या खरोखर वेगळ्या किती, ते सांग," माझे गाइड म्हणाले.

खरी मेख तिथेच होती. तीन बाय तीनची लहान जाळी घ्या. तिच्यात सहा ठिपके बसवायचे दोनच प्रकार आहेत: मोकळ्या राहिलेल्या तीन जागा एकतर या कर्णावर, नाहीतर त्या कर्णावर. पण कागद पाव वळण फिरवला की पहिल्याचा दुसरा होतो. मग हे दोन म्हणायचे की एक? चौकोनी कागद चार प्रकारे ठेवता येतो, आणि पालथा घालून आणखी चार प्रकारे. एकाच चित्राची ही आठ रूपं, आणि आठही मिळून एकच धरायचं अशी गणितात पद्धत आहे. काही मांडण्या फिरवल्या तरी तशाच राहतात, त्यामुळे सरळ आठने भागूनही चालत नाही. मी एकशे बत्तीसच्या एकशे बत्तीस मांडण्या कागदावर उतरवल्या आणि सारख्यांचे गठ्ठे लावत बसले. माझे गठ्ठे झाले तेवीस.

बाबांनी दोन रविवार खिडकीशी उभं राहून सांगितलं, "बावीस. सतरावा आणि विसावा एकच आहे. तू आरसा विसरलीस, पालथा घालून बघितलाच नाहीस."

त्यांचंच बरोबर होतं. दिवसभर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. चहा पिताना मध्येच हसायचे आणि आईला सांगायचे, "एम.फिल. करते, आणि आरसा विसरली!"

आईला या सगळ्यात काडीचाही रस नव्हता. तिचा त्या काळातला प्रश्न वेगळाच होता. तिच्या बोटांत संधिवात होता. दिल्लीच्या थंडीत सकाळी तिच्या मुठी उघडायच्याच नाहीत, साडेनऊ-दहापर्यंत हातात लाटणं धरता यायचं नाही. आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मागच्या लायनीची भिंत आणि एक दाट कडुलिंब. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्या खोलीत उन्हाचा एक कवडसा यायचा नाही. त्यामुळे हिवाळ्यात डब्याच्या पोळ्या बाबा लाटायचे. त्यांच्या पोळ्या आईच्या पोळ्यांपेक्षा गोल व्हायच्या. अगदी सुरुवातीला तर त्यांनी डब्याचं झाकण दाबून कडा कापल्या होत्या. "पोळी आहे, शिक्का नाही ऑफिसचा," आई दारात शाल पांघरून उभी राहून म्हणायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही. तीन महिने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सूचना देत राहणं तिला अपमानासारखं वाटायचं. "हिवाळ्यात मी या घरात पाहुणी असते," ती एकदा मला म्हणाली होती.

रविवारी कॉलनीच्या पार्कात बाकीच्या बायकांबरोबर मटार सोलत उन्हात बसली की पंधरा-वीस मिनिटांत तिची बोटं मोकळी व्हायची. डॉक्टर म्हणायचे, उन्हाने संधिवात बरा होत नसतो. आई म्हणायची, बरा कोण मागतंय, मला दोन वेळच्या पोळ्या लाटता आल्या म्हणजे झालं.

म्हणून बाबांच्या ऑफिसातल्या लोकांच्या हाउसिंग सोसायटीला द्वारकेत जमीन मिळाली आणि स्वतःचं घर होणार हे नक्की झालं, तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन हवं. मार्बल नको, बाल्कनी नको, गीझर नंतर बघू.

"मिळेल," बाबा म्हणाले. ते सोसायटीच्या बिल्डिंग कमिटीवर होते. नकाशे कळणारा कमिटीत तो एकच माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा असायचा. सोसायटीत बत्तीस घरं: आठ ब्लॉक, प्रत्येकाला चार मजले, मजल्यावर एक घर. आर्किटेक्टने एकाच चौकोनी घराचा नकाशा काढला होता आणि जमिनीच्या सोयीने तो आठ ठिकाणी आठ प्रकारे बसवला होता. कुठे पाव वळण फिरवून, कुठे अर्धं, कुठे पालथा. मूळ शीट आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर पडून होतं. त्यावर उत्तर वर होती आणि स्वयंपाकघराची खिडकी उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. आई त्या खिडकीवर बोट ठेवून बघायची.

सोडतीआधी सगळ्यांना फॉर्म आले. ब्लॉकची काही पसंती असेल तर लिहा, नसेल तर रकाना कोरा ठेवा. सर्वसाधारण सभेत कोणीतरी त्याबद्दल विचारलं, तेव्हा बाबा उभे राहून म्हणाले होते, "भरने की कोई ज़रूरत नहीं। आठों ब्लॉक एक ही ड्रॉइंग हैं।" लोकांनी माना डोलावल्या.

आईचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्या रविवारी आम्ही दोघं खिडकीशी ठिपके जुळवत असताना ती फॉर्म घेऊन आली.

"अहो, सगळ्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर असंच आहे ना?"

"एकच ड्रॉइंग आहे गं," बाबा कागदावरची नजर न काढता म्हणाले. "खिडकी सगळ्यांत आहे."

मग तिने मला विचारलं. "तू सांग. तू तर हेच शिकतेस ना? फिरवलं, उलटं केलं, तरी तेच राहतं?"

मी वैतागले होते, कारण एकविसावी मांडणी कुठेच बसत नव्हती. "हो आई, बिल्कुल तेच. आठही मिळून एकच धरतात," मी म्हणाले.

तिने रकाना कोरा ठेवला आणि सही केली. सही वाकडी आली, कारण जानेवारी होता.

सोडतीत आम्हाला पाचव्या ब्लॉकचा पहिला मजला मिळाला. ज्या दोघा-चौघांनी फॉर्ममध्ये ब्लॉक लिहिला होता, त्यांना मागितला तो मिळाला. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. पेढे वाटून झाले. होळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं घर बघायला गेलो. तेव्हा मेट्रो नव्हती; दोन बस आणि मग एक टेम्पो. द्वारका म्हणजे तेव्हा धूळ, विटांचे ढीग आणि मोकळ्या मैदानात मध्येच उगवलेले अर्धवट ब्लॉक. आई चपला हातात घेऊन चिखल ओलांडत गेली. स्वयंपाकघरात अजून ओटा बसला नव्हता, नुसत्या उघड्या भिंती आणि खिडकीचं भोक. सकाळचे दहा वाजले होते. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात बाहेर काढले.

खिडकीबाहेर ब्लॉकचीच लांब सावली पडली होती.

"अहो, सूर्य कुठेय?"

सूर्य आमच्या पाठीमागे, घराच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या खोलीत होता. बाबांनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. आधी सरळ धरला. मग फिरवला. मग पालथा करून उजेडासमोर धरला, अगदी रविवारी धरायचे तसा. बाबांच्या आधी मला कळलं. कागद आम्ही शंभर वेळा फिरवला होता. कागदाबरोबर सूर्य फिरत नाही, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. धौला कुआँ आल्यावर म्हणाली, "एक नकाशेवाला, एक गणितवाली. दिव्याखाली अंधार. तुम्हाला विचारण्यापेक्षा कोंबड्याला विचारलं असतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच बोलली, आणि मग पर्समधून तिकिटं काढून नीट घडी घालून परत ठेवली.

घरी आल्यावर मी बाबांवर घसरले. नकाशा तुमच्या टेबलावर होता, उत्तरेचा बाण तुम्हाला दिसत नव्हता का, वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तिने तुलाही विचारलं होतं." मी दार आपटून आत गेले. आपली चूक असली की माझा आवाज चढतो. हा गुण अजून गेलेला नाही.

पुढचा रविवार ठिपक्यांचा नव्हता. बाबांनी आठ ब्लॉकांचे आठ ट्रेसिंग काढले. प्रत्येकावर उत्तरेचा बाण वरच ठेवला आणि घर तेवढं फिरवलं. मग पिवळ्या पेन्सिलीने जिथे जिथे सकाळचं ऊन येतं तिथे हलका हात मारला. आठही कागद त्यांनी जमिनीवर ओळीने मांडले. स्वयंपाकघर पिवळं झालेले कागद दोनच होते: पहिला ब्लॉक आणि सहावा. आई भाजीची पिशवी घेऊन आत आली, वाकून तिने ते कागद बघितले.

"मला तर हे आठ दिसतात," ती म्हणाली.

"आठच आहेत," बाबा म्हणाले.

ताबा मिळण्याआधी दोन सभासदांना आपसात घर बदलता येत होतं, पण त्यासाठी सभेत अर्ज ठेवायला लागायचा आणि कारण लिहायला लागायचं. कमिटीतल्या एका हितचिंतकाने बाबांना सुचवलं, "तब्येत का लिख दो, साहब।" बाबांना ते पटलं नाही. ज्या सभेत त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, त्याच सभेत त्यांना उभं राहायचं होतं. त्या संध्याकाळी मीही गेले होते, मागच्या खुर्चीवर. बाबांनी आठही ट्रेसिंग भिंतीला लावले. इस्त्रीचा शर्ट, हातात फूटपट्टी. नोकरीतल्या तीस वर्षांत त्यांच्या शीटवर चुकीची रेघ सापडली नव्हती, आणि ती गोष्ट तिथल्या प्रत्येकाला माहीत होती.

"गलती मेरी है," ते म्हणाले. "मैंने आठ को एक गिना। मेरे कहने पर आपने फ़ॉर्म ख़ाली छोड़ा। जिनको तकलीफ़ हुई है, उनसे माफ़ी चाहता हूँ।"

मला रडू आलं. मी रुमाल विसरले होते, ओढणीने डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, अरे साहब, घर तो घर है. दोघं-तिघं कुरकुरले. एका गृहस्थाने आपलं स्वयंपाकघर कुठल्या कागदात आहे ते चष्मा लावून शोधलं, आणि चुकीच्या कागदात शोधलं. मग अकाउंट्समधले एक सरदारजी उठले. त्यांना सहाव्या ब्लॉकमधलं तिसऱ्या मजल्याचं, म्हणजे सगळ्यात वरचं घर लागलं होतं आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला जिने चढवत नव्हते. "मेरी बीजी को नीचे आना है, आपकी भाभीजी को धूप चाहिए। चलो जी, बदल लेते हैं।"

सोसायटीला लिफ्ट नव्हती. बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन पायऱ्या मोजून आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न. या वेळी त्यांनी दोनदा मोजल्या होत्या, जाताना आणि येताना. आईचे गुडघेही काही तरुण नव्हते. वरचं घर उन्हाळ्यात तापणार, पाणी वर चढवायला त्रास होणार, हे सगळं त्यांनी तिला सांगितलं, काही लपवलं नाही. "ठरव तू," म्हणाले. "या वेळी मी काही सांगणार नाही."

आईने विचार करायला दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "जिना पायांनी चढतात. पोळी हातांनी लाटतात. पायांचं मी बघून घेईन."

अर्जात कारणाच्या रकान्यात बाबांनी आपल्या छापल्यासारख्या अक्षरात हिंदीत लिहिलं: गिनती में भूल. खाली सही केली.

माझ्या प्रबंधात आधी फक्त बावीस हा आकडा होता. त्या उन्हाळ्यात मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं आणि पहिल्याच ओळीत एकशे बत्तीस दिलं. फिरवून, पालथ्या घालून एकसारख्या होणाऱ्या मांडण्या एक धरल्या तर बावीस, हे दुसऱ्या ओळीत. गाइडनी विचारलं, उलटा क्रम का? मी म्हटलं, आधी जेवढ्या आहेत तेवढ्या सांगते, मग एक धरते. त्यांनी खांदे उडवले. एवढ्याने आईचं काही भलं झालं नाही, मला माहीत आहे. पण तिची माफी मागायला मला तोंड नव्हतं. गणितात मला निदान बोलता येत होतं.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही राहायला गेलो. सामान वर चढवताना आई प्रत्येक मजल्यावर थांबली, प्रत्येक दारावरची पाटी वाचली आणि दम खाल्ला. पहिल्या सकाळी सातलाच ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. बाबाही उठले, मीही. पूर्वेची खिडकी उघडली.

बाहेर धुकं होतं. समोरचा ब्लॉक दिसत नव्हता, खालचा रस्ता दिसत नव्हता, आकाश आणि जमीन एकच. दहा वाजले, अकरा वाजले, पांढऱ्याचं पिवळं काही होईना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिल्लीचं जानेवारीतलं धुकं आम्हाला काय नवीन होतं? पण इतक्या धावपळीत कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाबा खाली मान घालून पोळ्या लाटत होते. चौथ्या दिवशी आई दारात शाल पांघरून उभी राहिली, खिडकीबाहेरच्या त्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता मोजा दोघं. आता आठही एकच आहेत."

आणि ती हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबांनी घाबरून तिच्याकडे बघितलं, मग तेही हसायला लागले, हातातलं लाटणं तसंच धरून. वर्षभरानंतर आमच्या घरात कोणी तसं हसलं होतं.

बारा दिवस धुकं राहिलं. तेराव्या दिवशी मी माझ्या खोलीत कागद आवरत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून नेहमीसारखा पोळपाटाचा आवाज येत होता आणि मध्येच तो थांबला. मी जाऊन बघितलं. ओट्यावर ऊन आलं होतं, पोळपाटावर, परातीतल्या कणकेवर, बाबांच्या बनियनवर. आई खिडकीशी दोन्ही हात उन्हात धरून उभी होती. तव्यावरची पोळी करपायला लागली, तिच्याकडेही कोणी बघितलं नाही. हळूहळू तिची बोटं एकेक करून सुटली. तिने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते.

"सरका," आई बाबांना म्हणाली, आणि त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.